बिबट्याचे तीन जबाब

१२ जानेवारी, रविवार

पोलीस ठाण्याला द्यायचा अहवाल वेगळा लिहिला आहे. तो चार ओळींचा झाला. बाकीचं या वहीत लिहिते, कारण अहवालात ‘मला वाटलं’ हे शब्द चालत नाहीत आणि मला आज बरंच काही वाटलं.

संध्याकाळी सहा पंचवीसला गच्चीवर वाळलेले कपडे काढत होते. सूर्य बुडाला होता, पण उजेड चांगला होता. पश्चिमेला, भीमाशंकरच्या बाजूच्या डोंगरांवर, एक वस्तू आकाशात थांबलेली दिसली. आकार लांबट गोल, रंग नव्या कल्हईच्या भांड्यासारखा. हात लांब करून धरला तर करंगळीच्या नखाएवढी. दिवे नाहीत, धूर नाही, आवाज नाही. घड्याळ लावून पाहिलं, ती सात मिनिटं हलली नाही.

गावाच्या फोन यंत्रणेवर मी तिसऱ्या मिनिटालाच निरोप दिला. ही यंत्रणा म्हणजे एका नंबरला फोन लावून बोलायचं, की आपलं बोलणं गावातल्या अकराशे मोबाइलवर एकदम वाजतं. चोर, आग, बिबट्या, हरवलेलं पोर यांच्यासाठी ती आहे. गेल्या पावसाळ्यात ड्रोनची आवई उठली तेव्हा उडतं काहीही दिसलं तरी तत्काळ कळवा, अशी आम्हा पोलीस पाटलांना ताकीद होती. ती ताकीद अजून कुणी मागे घेतलेली नाही. मी म्हणाले, “पोलीस पाटील प्रतिभा बोलत आहे. पश्चिमेला आकाशात एक वस्तू स्थिर दिसत आहे. विमान नाही, ड्रोन नाही. सर्वांनी बाहेर येऊन पाहावे.”

फोन वाजून, लोक उचलून, ऐकून, चपला घालून बाहेर येईपर्यंत वस्तू उत्तरेला जुन्नरच्या बाजूला सरकत गेली आणि दिसेनाशी झाली. अकराशे माणसांनी मोकळं आभाळ पाहिलं. शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी मला चहा घेतला का विचारलं.

पावणेसातला आण्णा वरच्या मळ्यातून आले. आण्णा म्हणजे माझे सासरे, भिमाजी. कांद्याचं पाणी अर्धं टाकून, मोटार चालूच ठेवून आले होते आणि एका पायात चप्पल नव्हती. तांब्याभर पाणी प्यायले आणि म्हणाले, “बिबट्या व्हता.” माझ्या निरोपाबद्दल काही बोलले नाहीत. सव्वासातला वरच्याच मळ्यातून कुंडलिकरावांचा फोन आला, बिबट्या. साडेसातला दूध डेअरीचे दादाभाऊ, बिबट्या. एका संध्याकाळी तिघांना बिबट्या दिसणं हे आमच्याकडे नवल नाही. अवसरी बुद्रुकपासून आमच्या गावापर्यंत उसाला खंड नाही, आणि ऊस आहे तिथे ते आहेतच.

१३ जानेवारी, सोमवार

ठाण्यातून हवालदारांचा फोन. अहवाल वाचून विचारत होते की याच्यावर पुढे काय कारवाई करायची. मी म्हटलं, ते माझ्या अधिकारात नाही. मग चांगल्या शब्दांत म्हणाले की मॅडम, तुमच्या नेमणुकीची दहा वर्षं मार्चमध्ये संपतात, नूतनीकरणाला कागद वर जातो, तर हा अहवाल बदलून द्या. काय लिहू विचारलं, तर म्हणाले, बिबट्या लिहा, त्याला रकाना आहे.

मी बदलला नाही. मोठा बाणेदारपणा केला असं काही नाही. पाहिलं ते लिहिलं, आता दुसरं काय लिहायचं, एवढाच विचार होता.

तिघांचे बिबट्याचे जबाब घेतले. कुंडलिकराव म्हणतात की तो बाभळीच्या पार शेंड्याला होता, पाहताना मान दुखली. दादाभाऊंना ठिपके दिसले नाहीत. अंग पांढरट, चकचकीत आणि अजिबात हालचाल नाही. त्यांचा कुत्रा शेजारी झोपलेला होता आणि झोपलेलाच राहिला. आण्णांनी सांगितलं की सात-आठ मिनिटं उभा होता, मग जुन्नरच्या अंगाला गेला.

पोलीस पाटलांच्या प्रशिक्षणात शिकवलं होतं की भेदरलेल्या माणसाच्या सांगण्यात वेळ, रंग, दिशा यांवर फार विसंबू नये. तेव्हा जसं सांगितलं तसं उतरवून घेतलं. तीन जबाबांत आण्णांचा सर्वांत भक्कम. गावात कुणाचाही बांध मोजायचा असो की भावकीचं वाटप असो, पंच म्हणून आधी आण्णांना बोलावतात. भिमाजी आण्णा बोलले की विषय संपतो.

१५ जानेवारी, बुधवार

संक्रांतीचं हळदीकुंकू. सरपंच बाळासाहेबांच्या घरी गेले होते. वाणाला स्टीलच्या ताटल्या होत्या. त्यांच्या घरच्यांनी माझ्या हातात ताटली ठेवताना म्हटलं, “ही उडाली तर फोन करू नका हं, पाटलीणबाई.” हसण्यासारखं होतं, मीही हसले. पुढच्या तीन घरी तोच विनोद झाला. तिसऱ्या वेळी हसायला मला जरा वेळ लागला.

डेअरीत दूध घालायला गेले तर माझाच आवाज ऐकू आला. दादाभाऊंनी माझ्या निरोपाची रिंगटोन केली आहे. “विमान नाही, ड्रोन नाही,” इथून सुरू होते. सगळ्यांत जास्त तेच हसतात.

१६ जानेवारी, गुरुवार

चाकणहून ह्यांचा फोन. ज्ञानेश्वर तिथे कंपनीत आहेत, रविवारचे घरी येतात. निरोपाची क्लिप त्यांच्या लाइनवर पोचली. सुपरवायझरने सगळ्यांसमोर लावली म्हणे. रागावले नव्हते, दमल्यासारखे बोलत होते. म्हणाले, “बिबट्या म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं?”

मी म्हटलं, बिबट्या नव्हता. ते म्हणाले, ते झालंच गं. मग आम्ही आमच्या लेकीच्या, समृद्धीच्या, सहामाहीच्या मार्कांवर बोललो.

१७ जानेवारी, शुक्रवार

वनखात्याने वरच्या मळ्यात पिंजरा लावला. वनरक्षक भरत गवारी हा मूळचा डिंभ्याचा पोरगा, कामाला चोख. तिन्ही ठिकाणी त्याने वाकून वाकून ठसे शोधले, एकही मिळाला नाही. जमीन कडक आहे म्हणाला. आण्णांच्या वाफ्याला तर पाणी दिलेलं होतं, तिथे फक्त आण्णांचे पाय उमटले होते, एक चपलेचा आणि एक अनवाणी. गवारीने ते पाहिले आणि पुढच्या वाफ्याकडे गेला.

पिंजऱ्यात शेळी बांधली आहे. तिला चारा-पाणी द्यायच्या पाळ्या मळ्यातल्या घरांनी लावून घेतल्या.

जाताना गवारी मला बाजूला घेऊन म्हणाला, “मॅडम, आमच्या डिंभ्यालाबी धरणावर कायबाय दिसतं म्हन्तात. पण सांगत कुनी न्हाई. तुमीबी सांगायला नको व्हतं.” त्याच्या बोलण्यात टिंगल नव्हती, म्हणून ते जास्त लागलं.

२० जानेवारी, सोमवार

साळुबाईचा कुत्रा गेला. साळुबाई गावाच्या दुसऱ्या टोकाला, पूर्वेच्या ओढ्याकाठी एकटी राहते. मुलगा पुण्यात. तीन गाई आणि सात शेळ्या, चारही बाजूंनी ऊस. सकाळी साखळी तेवढी राहिली होती.

ओढ्याच्या चिखलात ठसे अगदी स्वच्छ आहेत. एकाशेजारी काड्यापेटी ठेवून फोटो काढले आणि त्यावर घमेलं पालथं घालून आले, म्हणजे गवारी येईपर्यंत मोडू नये. तो आला, पाहिलं, मोठी मादी आहे म्हणाला. पण पिंजरा एकच आहे. बाकीचे सगळे बाहेर लागलेले आहेत, पुढचा मिळायला दहा-पंधरा दिवस तरी लागतील.

मी म्हटलं, मग वरचा इकडे आण. तिथे तर ठसाही नाही. तो म्हणाला, तिथे तीन माणसांचे लेखी जबाब आहेत, इथे कुत्रा गेलाय. उद्या तो पिंजरा हलवला आणि वरच्या मळ्यात काही झालं तर मला जबाब द्यावा लागेल. तिघांपैकी एकाने तरी जबाब मागे घेतला तर साहेबांशी बोलतो.

२२ जानेवारी, बुधवार

ओढ्याकडच्या लोकांसाठी यंत्रणेवर निरोप दिला. जनावरं आत बांधा, पहाटे एकट्याने बाहेर पडू नका. संध्याकाळी तिकडच्या दहा घरांत जाऊन विचारलं. एकाही घरात निरोप पूर्ण ऐकलेला नव्हता. एका सुनेने खरं सांगितलं, “ताई, तुमचं नाव आलं की पोरं खिदळत्यात, पुढचं ऐकूच येत न्हाई.” दुसऱ्या घरी माझं नाव आल्यावर फोन कट केला होता.

मग तोच निरोप बाळासाहेबांच्या आवाजात दिला. अर्ध्या तासात तिकडच्या घरांची जनावरं आत गेली, मी स्वतः फिरून पाहिलं. काम झालं. निरोप पोचणं महत्त्वाचं, आवाज कुणाचा याला अर्थ नाही, असं मी मानते.

जेवण मात्र गेलं नाही. नऊ वर्षं हे लोक माझ्या एका हाकेवर पोरं आत घेत होते. मला फार वाईट वाटलं.

२५ जानेवारी, शनिवार

साळुबाईची शेळी गेली, गोठ्याच्या कुडातून ओढून. खरी धास्ती शेळीची नाही. साळुबाई पहाटे साडेपाचला गाई पिळायला उकिडवी बसते. सहाच्या आत दूध डेअरीत पोचावं लागतं, त्यामुळे उजाडेपर्यंत थांबता येत नाही. खाली बसलेला माणूस बिबट्याला जनावराएवढाच वाटतो, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. साळुबाई म्हणते की दोन दिवस तो बांधावर बसून तिला दूध काढताना पाहतोय. पण तिला मोतीबिंदू आहे आणि गवारीच्या साहेबांच्या लेखी तिचं पाहणं धरलं जात नाही. माझं तर नाहीच.

ती म्हणाली, “तुजं न् माजं सारखंच झालं, बाई.”

मुलाकडे जा म्हटलं तर गाई कुणाच्या भरवशावर सोडू म्हणाली. तेव्हा उद्यापासून दूध काढून होईपर्यंत मी तिच्यापाशी बॅटरी आणि काठी घेऊन उभी राहणार. घरात सांगितलं. समृद्धी म्हणाली मीपण येते, तिला नाही म्हटलं. आण्णा उठून ओट्यावर गेले.

२७ जानेवारी, सोमवार

आज आण्णांना विचारलं. ते ओट्यावर बसून विळ्याला धार लावत होते. मी म्हटलं, आण्णा, अंधुक उजेड होता, कदाचित नजर चुकली असेल, एवढंच लिहून द्या. पिंजरा साळुबाईकडे जाईल. कुणी तुम्हाला काही म्हणणार नाही.

ते म्हणाले, “माजी नजर चुकत न्हाई.”

मग मी कुंडलिकराव आणि दादाभाऊ यांनाही विचारून आले. कुंडलिकरावांनी शेंड्याची खालची फांदी केली, पण बिबट्या ठेवला. दादाभाऊ म्हणाले, आधी भिमाजी आण्णाला विचारा, तो म्हणतोय म्हणजे आहे.

मला आण्णांचा राग आला. लग्न होऊन या घरात आल्यापासून पहिल्यांदा. माणसाने शब्दाचा मान ठेवावा, पण एका म्हातारीच्या जिवापेक्षा आपला ताठा मोठा ठरवू नये. आज त्यांना ताट वाढलं आणि मी आत जाऊन बसले.

३० जानेवारी, गुरुवार

रोज पहाटे पाचला उठते. दार उघडते तर आण्णा माझ्या आधीच ओट्यावर घोंगडी पांघरून बसलेले असतात. मी परत येते तेव्हाही तिथेच. वयामुळे झोप कमी झाली असावी. त्यांना सकाळच्या थंडीचा त्रास होतो, आत बसा म्हटलं तर ऐकत नाहीत.

आणखी एक बदल नोंदवते. वरच्या मळ्यात ते संध्याकाळी जात नाहीत. कांद्याला पाणी दुपारीच देऊन येतात.

पिंजऱ्यातली शेळी माजली आहे. सगळी घरं आपापल्या पाळीला जास्तच घालतात. आता गवारी गेला की त्याला शिंगं दाखवते.

१ फेब्रुवारी, शनिवार

आज तो आला. तो म्हणजे ती, मादी. साळुबाईची दुसरी गाय अर्धी पिळून झाली होती. गाईने मान वर केली आणि दूध चोरलं. मी बॅटरी फिरवली तर उसाच्या कडेला दोन डोळे. अंतर नंतर पावलांनी मोजलं, अकरा पावलं. मी ओरडले, काठी पत्र्यावर आपटली. ती लगेच गेली नाही. आधी माझ्याकडे, मग खाली बसलेल्या साळुबाईकडे पाहत राहिली आणि मग आत गेली. साळुबाईने हातातली बादली पडू दिली नाही.

घरी आल्यावर आण्णा, ज्ञानेश्वर आणि समृद्धीसमोर सगळं सांगितलं. हे या वेळी रविवारऐवजी शनिवारीच आले होते. म्हणाले, उद्यापासून जायचं नाही, तुला काही झालं म्हणजे. मी म्हटलं, मग साळुबाईला कोण? ह्यांनी आण्णांकडे पाहिलं. आण्णांनी विचारलं, “किती पावलं म्हनलीस?” मी अकरा म्हटलं. त्यांनी ताट सरकवलं आणि उठून गेले. भाकरी तशीच होती.

२ फेब्रुवारी, रविवार

रविवारी गवारी पिंजरा तपासायला येतो. आज मीही गेले, साहेबांना द्यायला अर्ज होता. बाळासाहेब, कुंडलिकराव, दादाभाऊ आणि मळ्यातली आठ-दहा माणसं होती. बोलणं रोजचंच चाललं होतं. आण्णा धुतलेली टोपी घालून आले. पंच म्हणून जाताना घालतात ती.

गवारीला म्हणाले, “भरत, कागद काढ. माजा जबाब माघारी घ्यायचाय. मी बिबट्या पाह्यला न्हाई.”

बाळासाहेबांनीच सावरून घेतलं. म्हणाले की आण्णा, दिवस मावळला होता, माणसाची नजर चुकते, तेवढं लिहून देऊन टाका. गवारीने तसं लिहिलंसुद्धा. आण्णांनी मला वाचायला सांगितलं. मी वाचलं, “अंधुक प्रकाशामुळे ओळखण्यात चूक झाली.”

“खोड ते,” आण्णा म्हणाले. “चूक न्हाई झाली. मी खोटं बोललो.”

गवारीने विचारलं, मग पाहिलं काय?

“सुनेनं सांगितलं तेच. डोंगराच्या वर हुबं व्हतं. फोन वाजला तवा माज्या म्होरंच व्हतं. तिचा आवाज कानाला, आन ते डोळ्याला. अन् मी घरी येऊन बिबट्या म्हनलो, कारन बिबट्याला कुनी हासत न्हाई.”

कुणीतरी मागे हसलं. एकच माणूस, आणि तोही लवकर थांबला. आण्णांनी तिकडे पाहिलं नाही. कुंडलिकरावांकडे आणि दादाभाऊंकडेही पाहिलं नाही. ते दोघं पिंजऱ्यातल्या शेळीकडे पाहत होते. तेवढ्यात दादाभाऊंचा फोन वाजला, “विमान नाही, ड्रोन नाही,” आणि त्यांना तो लवकर बंद करता येईना. खिशातून काढताना हातातून पडला, तर जमिनीवरही वाजतच राहिला.

गवारीने विचारलं, “आण्णा, हे जसंच्या तसं लिहू?” आण्णा म्हणाले, लिही. त्याने लिहिलं. आण्णांनी सही केली. नियमाप्रमाणे पोलीस पाटलाची सही खाली लागते. ती मी केली.

एक गोष्ट मला अजून उलगडत नाही. चूक झाली एवढं लिहून दिलं असतं तरी पिंजरा हलला असता. साळुबाईचं काम झालं असतं आणि आण्णांचा मानही राहिला असता. आण्णांना तेवढं का पुरलं नाही, कळत नाही.

कुंडलिकराव आणि दादाभाऊ यांनी आपापले बिबटे कायम ठेवले आहेत.

३ फेब्रुवारी, सोमवार

पिंजरा साळुबाईकडे गेला. शेळी ट्रॉलीत चढेना, चौघांनी उचलून ठेवली.

६ फेब्रुवारी, गुरुवार

पहाटे पावणेपाचला मादी पिंजऱ्यात आली. साळुबाईने दार न उघडता मला फोन केला आणि मी गवारीला. शेळी मधल्या जाळीपलीकडे सुखरूप आहे.

सात वाजेपर्यंत अख्खं गाव ओढ्यावर लोटलं. सगळ्यांनी बिबट्याचे फोटो काढले. कुंडलिकरावांनी पोरांना सांगितलं की हीच ती, वरच्या मळ्यात दिसलेली. पोरांनी मान डोलावली. गाडी गेल्यावर साळुबाईने गाई पिळल्या आणि उशिरा दूध घेऊन गेली, ते डेअरीत घेतलं. दादाभाऊंनी रिंगटोन बदलली आहे. का, ते मी विचारलं नाही.

साळुबाईने माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. मी आज पहिल्यांदा निवांत झोपेन.

९ फेब्रुवारी, रविवार

बाळासाहेबांच्या चुलतभावांची बांधमोजणी होती. हे ठरून महिना झाला होता, पंच आण्णाच. दहा वाजता आण्णा धुतलेली टोपी घालून ओट्यावर बसले. अकराला मोजणीवाल्यांची गाडी दारावरून गेली. बाराला मी जेवायला बोलावलं, तर म्हणाले, येतील आता बोलवायला, उष्ट्या तोंडानं कुठं जाऊ. ज्ञानेश्वरांनी एकाला फोन लावला. पलीकडून कळलं की मोजणी कधीच सुरू झाली आहे, पंच दुसरे आहेत. हे आत येऊन मला हळूच म्हणाले, आता कसं सांगायचं?

सांगावं लागलं नाही. चार वाजता आण्णांनी टोपी काढली, घडी घातली आणि ट्रंकेत ठेवून दिली.

मला मोठ्याने रडावंसं वाटत होतं. मी त्यांच्यासाठी चहा ठेवला. त्यांना माझा काही राग नव्हता, हे जास्त कठीण गेलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

संध्याकाळी आण्णा वरच्या मळ्यात गेले, महिन्याभरात पहिल्यांदा. दिवस मावळायला आला तरी येईनात, म्हणून मी बघायला गेले. बांधावर बसले होते, पश्चिमेकडे तोंड करून. आभाळ स्वच्छ होतं आणि काही नव्हतं. मी शेजारी बसले. सुनेने सासऱ्याच्या शेजारी बांधावर असं बसणं आमच्याकडे होत नाही, पण आता आमच्याबद्दल आणखी काय बोलणार?

त्यांनी विचारलं, “तुला आवाज आला व्हता का?”

मी नाही म्हटलं.

“मलाबी न्हाई. मला वाटलं, कान गेलं माजं.” मग विचारलं, जाताना ते वळलं की सरळ गेलं? मी म्हटलं, आधी जरा वर आणि मग सरळ. ते मान हलवत राहिले, जरा वर, जरा वर, असं म्हणत. एका घरात आम्ही महिनाभर जेवत होतो, आणि दोघांनाही वाटत होतं की आपण एकटेच.

मग म्हणाले, “भ्यालीस का गं तू?”

ठाण्याने, गावाने, ह्यांनी मला काय काय विचारलं, पण हे कुणी विचारलं नव्हतं. मी या वहीतसुद्धा लिहिलं नाही. मी म्हटलं, “नाही आण्णा. फार बरं वाटलं होतं. ते जाऊच नये असं वाटलं.”

आण्णांनी डोंगराकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते.

“मलाबी,” ते म्हणाले. “म्हनून तर पळालो.”